केशरी कृष्णा

नदीकाठी बसून नदीचं चित्र काढणाऱ्या माणसांबद्दल विनोदिनीबाईंचं मत चाळीस वर्षांत एकदाही बदललं नव्हतं. रिकामटेकडे लोक. त्यातल्याच एकाशी त्यांचं लग्न झालेलं असल्यामुळं हे मत ऐकीव नव्हतं, चांगलं अनुभवाचं होतं. साताऱ्याच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवणारे चिंतामण अष्टपुत्रे दर रविवारी माहुलीच्या संगमावर नाहीतर वाईच्या घाटावर बैठक मारायचे, आणि बाई मागं छत्री धरून उभ्या. एवढी वर्षं छत्री धरून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर राहिला होता. ब्लाऊज शिवायला टाकताना शिंप्याला प्रत्येक वेळी ते सांगावं लागे.

आता सर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती आणि सांगलीत त्यांचा सत्कार होता. सत्कार करणाऱ्या टोळीचं नाव 'रेषा परिवार'. दर रविवारी कृष्णेच्या घाटावर जमून चित्रं काढायची आणि सोमवारपर्यंत ती मोबाईलवर एकमेकांना दाखवून वा वा म्हणायचं, एवढंच या परिवाराचं काम. त्याचा कर्ता पुरुष जयराज. हा सरांचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना याला सरळ रेघ पट्टी लावूनही जमत नसे. पुढं सांगलीला येऊन त्यानं वाढदिवसाचे फलक छापायचा धंदा टाकला, तो जोरात चालला, आणि पोट भरल्यावर त्याला कलेची आठवण झाली. त्यानंच घाटावर वीस फुटी फलक लावला होता. वर मोठ्या अक्षरांत 'कलामहर्षी', खाली सरांचा फोटो. फोटोत सरांचे गाल इतके गुलाबी केले होते, की बाईंना आधी ती कुणा नवरदेवाची जाहिरात वाटली.

"कसा आहे गं फलक?" सरांनी हळूच विचारलं.

"मोठा आहे," बाई म्हणाल्या.

सरांनी विचारलं याचं कारण होतं, आणि ते कारण जगात दोघांनाच माहीत होतं. चार वर्षांपूर्वी मिरजेच्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात, गेलेलं परत येणार नाही. सरांना ढोबळ आकार दिसत, बारीक अक्षर लागत नसे, उजेड आणि सावली कळे. रंग मात्र धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखे झाले होते, सगळे एकाच करड्या छटेचे. लाल आणि हिरवा त्यांना शेजारी ठेवला तरी वेगळा सांगता येत नव्हता. पुण्याला असलेल्या मुलाला, पुष्करला सुद्धा त्यांनी हे कळू दिलं नव्हतं.

"लोक हळहळतील," सर म्हणाले होते. "शिव्या दिल्या तर चालतील. हळहळलेल्या लोकांसमोर मला नाही बसता येणार. त्यापेक्षा ब्रश माहुलीला नदीत सोडून देईन."

मग बाईंनीच मार्ग काढला. त्यांनी जुना मिसळणाचा डबा घेतला, सात वाट्यांचा, स्टीलचा. हळदीच्या वाटीत पिवळा रंग, तिखटाच्या वाटीत लाल, धन्याच्या जागी हिरवा, जिऱ्याच्या जागी तपकिरी, मोहरीच्या जागी काळा, मिठाच्या जागी पांढरा. निळ्या रंगाचा मसाला काही मिळत नाही, म्हणून निळा मधोमध. आठ दिवसांत सरांच्या हाताला डबा पाठ झाला. मग नदीवर गेलं, की सर विचारायचे आणि बाई सांगायच्या. त्यांना चित्रकारांचे शब्द येत नव्हते, त्यांचे स्वैपाकघरातलेच होते. आज पाणी मुगाच्या कढणासारखं आहे. डोंगर वांग्याच्या सालीसारखा, पण वरून पीठ भुरभुरल्यासारखा. सर तेवढ्यावरून रंग असे मिसळत, की चित्र पाहणाऱ्याला संगमावरच्या सकाळचा गारवा अंगाला लागावा. हात अस्सल होता. एवढं बाईंनी कुणालाही सांगितलं असतं, आपण होऊन नव्हे, पण विचारलं असतं तर.

त्यांना खटकायचं ते वेगळंच. चार वर्षांत चित्रं लोकांनी वाखाणली, वर्तमानपत्रात एकदा 'उतारवयातही रंगांवर हुकमत' असं छापून आलं, सरांनी ते कात्रण जपून ठेवलं. पण बायकोला, निदान दार लावून घरात तरी, 'तुझ्यामुळं जमलं' असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. मीठ कमी पडलं तर लगेच सांगणारा माणूस. बाई तोंडानं काही बोलत नसत. पण रंगांवरची हुकमत खरी कुणाची हे त्यांना रोज आठवे, आणि जीव रोज जळे.

आजच्या कार्यक्रमात सत्कारानंतर सर सगळ्यांसमोर चित्र काढून दाखवणार होते. पहाटे पाचच्या एस.टी.नं दोघं निघाले होते. डबा बाईंच्या पिशवीत होता, वर नॅपकिन गुंडाळून. नऊच्या सुमाराला घाटावर पोचल्यावर त्यांनी सरांना पायऱ्यांच्या टोकाला नेलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं रंग सांगितले. फाल्गुन संपत आलेला, नदी आटून निम्म्यावर आलेली, खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या.

"आभाळ नीळ घातलेल्या धोतरासारखं, पण धुवट. पाणी हिरवट निळं, संथ. पायऱ्या काळपट गुळासारख्या. पलीकडची झाडं कडीपत्त्याच्या रंगाची. देवळाच्या शिखरावर पिवळं ऊन आलंय. बास."

"बास," सर म्हणाले. चित्र त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

कार्यक्रमाला अवकाश होता. तोवर परिवारातले तीस-चाळीस जण घाटावर पसरून चित्रं काढत होते आणि बाई ते बघत होत्या. बघण्यासारखंच होतं ते. एकानं नदीचा मोबाईलवर फोटो काढला, नदीकडं पाठ करून सावलीत बसला आणि मोबाईलमधली नदी बघून चित्र काढायला लागला. खरी नदी त्याच्या मागं चार हातांवर वाहत होती. दुसऱ्या एकीनं परदेशी टोपी, परदेशी एप्रन आणि परदेशी पेन्सिली काढून मांडल्या, त्या मांडणीचा फोटो घेतला आणि ऊन फार झालं म्हणून सगळं पुन्हा आत भरलं. पाचसहा जणांनी मिळून शेंगा विकणाऱ्या एका म्हातारीला पायरीवर बसवलं होतं. तिच्या कमरेला कुणाची तरी तांब्याची घागर दिली होती.

"आजी, नॅचरल बसा. हसू नका," एकजण सांगत होता.

म्हातारी वैतागून उठली आणि येऊन बाईंशेजारी टेकली. ती राहीबाई, आटपाडीकडची. घरची मेंढरं मोडल्यावर पोराबरोबर सांगलीला आली आणि घाटावर शेंगा-फुटाणे विकायला बसली.

"ती घागर न्हाई माजी," राहीबाई म्हणाली. "चाळीस वरीस झालं, आमच्यात कुनी घागर आणाय नदीला जात न्हाई. नळ हाय की दारात. पन ह्यांना घागरच पायजे. तुमी बी चितरं काढता व्हय?"

"नाही हो. हे काढतात," बाई म्हणाल्या.

"तुमी काय करता मग?"

"बरोबर येते," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच उत्तराचा त्यांना संताप आला.

दहा वाजता सत्कार सुरू झाला. भाषणं झाली. जयराजनं माईक हातात घेतल्यावर तो खाली ठेवायला त्याला फार जड जात होतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ झाल्यावर त्यानं हात वर केला आणि उत्कर्षा नावाची एक मुलगी मखमली कापडानं झाकलेलं ताट घेऊन आली. परिवारातलीच, आर्ट कॉलेजला शिकणारी पोर. ताटात चिनी मातीची पांढरीशुभ्र पॅलेट होती, सहा घरांची, आणि सहाही घरांत नवे कोरे रंग भरलेले.

"सर, गुरुदक्षिणा!" जयराज माईकवर म्हणाला. "रंग बाहेरच्या देशातून मागवलेत. आजचं चित्र यातूनच व्हायला पाहिजे."

"सर, रात्री मी स्वतः घरं भरली," उत्कर्षा सरांच्या पाया पडत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. पोर मनापासून सेवा करत होती आणि तिथंच घोटाळा होता.

बाई उठून पुढं गेल्या. "जयराज, त्यांना आपल्या डब्याची सवय आहे. तो आणलाय मी."

जयराजनं पिशवीतून डोकावणारा डबा पाहिला आणि हसू दाबलं. "काकू, आज शूटिंग चालू आहे. मिसळणाचा डबा बरा दिसेल का? लोक म्हणतील कलामहर्षी फोडणी घालतायत."

पहिल्या दोन रांगा हसल्या. त्या हसण्यात सरांचा आवाज आला. "राहू दे गं. पॅलेट ती पॅलेट. मला काय, कशातही चालतं."

हे बोलताना सरांची मान ताठ होती. बाईंना कळलं, की वीस फुटी फलक माणसाच्या डोक्यात भरायला एक तास पुरतो. तीस वर्षं पोरांना शिकवताना सरांनी पॅलेटची एकच मांडणी सांगितली होती, डावीकडून पिवळा, नारिंगी, लाल, तपकिरी, हिरवा, निळा. त्यांच्याच शिष्यांच्या शिष्येनं भरलेली पॅलेट, म्हणजे तशीच असणार, या हिशेबावर त्यांनी डाव टाकला होता.

उत्कर्षानं मांडणी तशीच केली होती. फक्त ती कॅमेऱ्याला नीट दिसावी म्हणून पॅलेट उलटी फिरवून ठेवली होती. कॅमेऱ्याला डावीकडून पिवळा दिसत होता. सरांना डावीकडून निळा होता.

"काकू, तुम्ही बसा, चहा घ्या," असं म्हणून कुणीतरी बाईंना खांद्याला धरून मागं आणलं आणि खुर्चीत बसवलं. हातात कागदी कप दिला. सरांचं स्टूल वीस हातांवर होतं आणि मधे कॅमेरा, दोन छत्र्या आणि सत्तर माणसं होती.

सरांनी ब्रश भिजवला. हात असा सरळ गेला, की बघणाऱ्याला जराही शंका येऊ नये. उजव्या टोकाच्या घरात ब्रश बुडाला आणि कागदावर आभाळ आलं. पिवळंधमक.

बाईंच्या हातातला चहा सांडला. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण काय म्हणून ओरडायचं? अहो, तो निळा नाही, असं? म्हणजे सत्तर माणसांसमोर, कॅमेऱ्यासमोर, चार वर्षं जे दार बंद ठेवलं ते आपणच उघडायचं? त्या ओठ आवळून बसून राहिल्या. सरांनी पाणी घातलं ते केशरी झालं, झेंडूच्या बागेसारखं. झाडं नारिंगी आली. पायऱ्या लालभडक. शिखरावर सरांनी शेवटी प्रेमानं ऊन ठेवलं, ते निळं.

"आवं बाई," राहीबाईनं कोपरानं ढोसलं, "तुमच्या मालकानं नदी अशी का वो केली?"

बाई लोकांकडं बघत होत्या. लोकांचा चेहरा आधी पडला होता. मग प्रत्येकानं शेजाऱ्याकडं पाहिलं, शेजारी काहीच बोलत नाही असं पाहून भुवया जरा वर केल्या आणि मान डोलवायला सुरुवात केली. टोपीवाली म्हणाली, "बोल्ड आहे." मोबाईलमधून नदी काढणारा म्हणाला, "यातना आहेत यात." पाचच मिनिटांत घाटावर एकही माणूस असा उरला नाही, की ज्याला हे चित्र आधीपासून कळत नव्हतं.

आणि जयराजला राहवलं नाही. तो माईकवर म्हणाला, "मंडळी, बघताय ना? केशरी कृष्णा! पिवळं आभाळ! वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सरांनी निळा रंग नाकारला!"

सरांचा ब्रश थांबला. वीस हातांवरून सुद्धा बाईंना दिसलं, की त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. त्यांना कळलं. क्षणभर ते कागदाकडं बघत राहिले, जणू रागानं बघितलं तर रंग दिसेल. आता बोला, असं बाई मनात म्हणाल्या. काहीही बोला, चूक झाली म्हणा, ऊन लागलं म्हणा, आपण घरी जाऊ.

सरांनी हात पुढं करून माईक मागितला.

"तीस वर्षं मी मुलांना आभाळ निळं शिकवलं," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. "आज म्हटलं, पुरे. रंग डोळ्यांनी बघायचे नसतात. ते आतून यावे लागतात. कुणी सांगून येत नाहीत."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की घाटावरची कबुतरं उडाली. बाईंनी कागदी कप चुरगाळला. शेवटची चार शब्दांची ती ओळ नसती बोलली तर लोकांचं समाधान कमी होणार नव्हतं, टाळी कमी पडणार नव्हती. ती त्यांनी फुकट, हौसेनं जोडली होती. नवऱ्याची फजिती होईल म्हणून अर्धा तास आपण घशाशी जीव धरून बसलो, याची बाईंना लाज वाटली.

पण टाळ्यांना आणखी हवं असतं. उत्कर्षा उठून म्हणाली, "सर, एक विनंती. याच जागेचं एक छोटं चित्र तुमच्या जुन्या शैलीत काढाल? आहे तसं. दोन्ही शेजारी लावू. आम्हाला शिकायला मिळेल."

"वा! जुनं आणि नवं!" जयराज म्हणाला, आणि नवा कागद लागला सुद्धा.

आहे तसं. सरांचा चेहरा पांढरा पडला. पॅलेट आपल्या समजुतीप्रमाणं नाही एवढं त्यांना कळलं होतं, पण मग ती कशी आहे ते कळलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. "पाणी गढूळ झालंय. जरा हिला पाठवा."

बाई गेल्या. पाण्याचं भांडं उचलायला वाकल्या. सरांनी ओठ न हलवता विचारलं, "निळा कुठाय?"

बाईंनी भांडं नीट दोन्ही हातांत घेतलं. "आतून येतात ना? येऊ द्या की," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. पाणी बदललं, भांडं जागेवर ठेवलं आणि परत येऊन राहीबाईशेजारी बसल्या.

सर बसून राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. लोकांना आधी वाटलं, समाधी लागली. कॅमेरावाला जवळ आला. सरांनी ब्रश पॅलेटवर नेला, कुठल्याच घरात न बुडवता मागं घेतला. पुन्हा नेला. पण बाई उठल्या नाहीत. आज नाही उठायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

शेवटी सरांनी ब्रश खाली ठेवला आणि माईक तोंडाशी घेतला.

"मला रंग दिसत नाहीत," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. विनोदिनी सांगते आणि मी लावतो. तिच्याशिवाय मला येत नाही."

बाईंना चार वर्षं जे ऐकायचं होतं ते हेच, आणि ते दार लावून नव्हे, भर घाटावर आलं होतं. त्यांनी डोळे मिटले. आता शांतता पसरेल, मग हळहळ सुरू होईल, आणि ती अंगावर घ्यायला आपण नवऱ्याशेजारी जाऊन उभं राहायचं, एवढं त्यांनी मनाशी म्हटलं.

शांतता पसरलीच नाही. टाळ्या झाल्या. मघापेक्षा मोठ्या.

"काय बोलले सर!" जयराजनं माईक ओढून घेतला. "मला रंग दिसत नाहीत! मंडळी, आयुष्य रंगात घालवलेला माणूस हे म्हणतो! लिहून ठेवा हे! आणि संसाराचं सगळं श्रेय पत्नीला! गुरुमातेसाठी जोरदार टाळ्या!"

उत्कर्षा धावत आली. बाईंच्या कपाळाला कुंकू लागलं, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. कुणीतरी त्यांच्या पाया पडलं. टोपीवाली डोळे पुसत होती. सत्तर माणसांतल्या एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं, की समोरच्या म्हाताऱ्यानं एक साधी गोष्ट साध्या शब्दांत सांगितली आहे. या लोकांना खरं सांगितलं तरी ते त्याचं चित्रच काढत होते.

बाईंना धरून सरांजवळ नेलं, फोटोसाठी.

"ऐकलं ना त्यांनी?" सरांनी विचारलं.

"ऐकलं. कळलं नाही कुणाला."

"मग?"

एवढ्या वर्षांत हा शब्द सरांनी त्यांना कधी विचारला नव्हता. बाईंना कीव आली नाही. राग आला, आणि या वेळी तो नवऱ्याचा नव्हता. त्यांनी शाल काढून खुर्चीवर टाकली, नारळ राहीबाईच्या पाटीत ठेवला, एक स्टूल ओढून सरांच्या उजव्या हाताला मांडलं आणि जयराजसमोर हात पसरला.

"काकू, दोन शब्द बोलणार?" जयराजनं हौसेनं माईक दिला.

"दोन नाहीत, बरेच आहेत," बाई म्हणाल्या आणि लोकांकडं पाठ करून नदीकडं तोंड करून बसल्या.

"ब्रश घ्या," त्या माईकवर म्हणाल्या. कर्ण्यातून आवाज पार पलीकडच्या काठाला गेला. "डावीकडचं पहिलं घर निळा आहे. पॅलेट उलटी ठेवलीय त्यांनी. निळा घ्या, पाणी भरपूर. आभाळ करा. धुवट. अजून पाणी. हां."

लोक हसले. गोड वाटलं त्यांना ते.

"आता दुसरं घर, हिरवा. त्यात निळा एक थेंब. नदी. नाही, ते तिसरं झालं, तो तपकिरी आहे. ब्रश धुवा. एक घर डावीकडं. हां, हाच. पायऱ्यांपाशी गडद ठेवा, तिथं सावली पडलीय."

ब्रश जात होता तिथं आधी बाईंचा शब्द जात होता. शब्द थांबला, की ब्रश अधांतरी थांबत होता. दहा मिनिटं झाली तेव्हा हसणं थांबलं. उत्कर्षानं पॅलेटकडं पाहिलं, मग केशरी चित्राकडं पाहिलं, मनातल्या मनात घरं उलटी मोजली आणि तोंडावर हात दाबला. पंधरा मिनिटांनी टोपीवालीचा मोबाईल खाली आला. मग एकेकाचा. मागून कुणाचं तरी "अरेरे" ऐकू आलं, मग आणखी एकाचं. सरांनी ते ऐकलं. त्यांचे खांदे क्षणभर आवळले गेले.

"इकडं लक्ष द्या," बाई माईकवरच म्हणाल्या. "शिखरावर ऊन राहिलंय. अगदी उजवीकडचं घर. टोकानं घ्या, थोडाच."

चित्र पुरं झालं. आटलेली नदी, उघड्या पायऱ्या, पलीकडं झाडं. ऊन चढत आलेला साधा सकाळचा घाट. टाळी कुणीच वाजवली नाही. कुणाकडं बघावं हे कुणाला कळत नव्हतं, आणि दोघं नवरा-बायको तर कुणाकडंच बघत नव्हती. राहीबाई पाटी घेऊन पुढं आली, चित्रापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आता हाय तशी हाय." मग ती शेंगा विकायला गेली.

अर्ध्या तासात घाट रिकामा झाला. अवघड जागेतून निघून जायला माणसांना फार वेळ लागत नाही. जयराज तेवढा घुटमळत राहिला. केशरी चित्र त्यानं गुंडाळून काखेत घेतलं होतं.

"काकू, काळजी करू नका," तो दबक्या आवाजात म्हणाला. "व्हिडिओतला तो शेवटचा भाग मी कापून टाकतो. कुणाला कळणार नाही. आणि परिवाराच्या हॉलमध्ये हेच लावतो. लोकांना हेच आवडलंय."

"लावा," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांसाठीच झालंय ते."

जयराजला हे कौतुक वाटलं. तो नमस्कार करून गेला.

घाटावर दोघंच उरली. दुसरं चित्र अजून बोर्डावर होतं, वाळत आलेलं. सर बराच वेळ त्याच्यासमोर बसून होते. हळहळ ऐकूनही ते बसले होते आणि ब्रश नदीत गेला नव्हता.

"सही राहिली," ते म्हणाले. "खालच्या उजव्या कोपऱ्यात मोकळी जागा कुठाय, बोट ठेव."

बाईंनी बोट ठेवलं नाही. त्यांनी बारीक ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि बोर्डावर वाकल्या. सवय नसल्यानं वेळ लागत होता. एक अक्षर जरा फिसकटलं, ते त्यांनी नीट केलं.

"काय करतेयस?"

"सही."

"माझी?"

"नाही."

पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं, त्यांचे आवाज येत होते.

"पूर्ण नाव लिहिलंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पूर्ण."

"वाचता येतंय?"

"तुमच्याशिवाय सगळ्यांना येतंय," विनोदिनीबाई म्हणाल्या.